मरणोन्मुखांशीं बोलण्याची विद्या

मरणोन्मुख रोग्याचें अंग पुसणें, त्याच्या तोंडांत पाणी घालणें, हें आमच्या घराघरांतून होत आलें आहे. परंतु ‘मी आतां वांचणार नाहीं काय?’ असा प्रश्न त्यानें केला म्हणजे भल्याभल्यांची जीभ लुळी पडते. अशा प्रश्नास सामोरें जाण्याची विद्या शिकवितां येते, ही जाणीव जगांत कशी झाली, त्याचा अल्प इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८७९ मध्यें आयर्लंडांतील डब्लिन शहरीं मदर मेरी एकनहेड यांच्या धर्मभगिनींनीं मरणासन्नांसाठीं आश्रयस्थान उघडिलें. त्यास ‘हॉस्पिस’ म्हणतात. त्याच संघानें १९०५ सालीं लंडनमध्यें सेंट जोसेफ हॉस्पिस सुरू केलें. सिसिली सॉण्डर्स ही बाई प्रथम परिचारिका होती. १९४८ मध्यें डेव्हिड तास्मा नांवाच्या मरणोन्मुख पोलिश यहुद्याशीं तिचीं दीर्घ संभाषणें झालीं. मरतांना त्यानें तिच्या भावी कार्यासाठीं ५०० पौंड ठेविले. पुढें ती डॉक्टर झाली, आणि १९५८ पासून सेंट जोसेफमध्यें वेदनाशमन करतां करतां तिनें रोग्यांचे बोल ध्वनिमुद्रित केले. १९६७ सालीं तिनें सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापिलें. तेथें सेवा, शिक्षण व संशोधन एकत्र नांदूं लागलीं.

१९६५ मध्यें ग्लेझर व स्ट्राउस या अमेरिकन पंडितांनीं दाखवून दिलें कीं, रोगी व वैद्य दोघांसही सत्य ठाऊक असतें, तरी कित्येकदां दोघेही अजाणतेपणाचें सोंग वठवितात. १९८५ सालीं मँचेस्टरच्या पीटर मॅग्वायर यांनीं त्याचें एक कारण सांगितलें: रोग्याचें दुःख उफाळून आलें तर तें आपणांस आवरतां येणार नाहीं, या भीतीनें सेवक विषय बदलतात, किंवा घाईघाईनें धीर देतात.

या भीतीवर सरावाचा उपाय निघाला. लहान गटांत एक नट रोगी बनतो, सेवक त्याच्याशीं बोलतो, इतर पाहतात. अडलें तेथें थांबून तोच संवाद पुन्हां करितात. २००० सालीं बेल, बकमन प्रभृतींनीं कर्करोगवैद्यांसाठीं सहा पायऱ्या मांडल्या: एकांत साधावा; रोग्यास काय ठाऊक आहे तें विचारावें; किती जाणावयाचें आहे तें पुसावें; मग सोप्या शब्दांत सांगावें; त्याच्या अश्रूंस अवसर द्यावा; शेवटीं पुढील वाट ठरवावी. सांगण्यापूर्वीं दोनदां विचारावयाचें, हें यांतील मर्म होय.

आमच्या देशांत १९८६ सालीं वांद्रे येथें शांती आवेदना सदन उघडलें, आणि १९९३ मध्यें कालिकत येथें वेदनाशमनाची संस्था निघाली. आमच्याकडे मुख्य अडचण घरच्यांची असते. ‘बाबांना सांगूं नका, ते खचतील,’ असें मुलगा विनवितो. शिकलेला सेवक त्यास दटावीत नाहीं. तुम्हांस कशाची भीति वाटते, असें तो आधीं विचारतो, आणि मग बाबांच्या मनांत काय आहे तें पुसण्याची अनुज्ञा मागतो. बहुधा बाबांस सर्व कळलेलें असतें.

आम्हां धर्मगुरूंस हा अनुभव नवा नाहीं. पाद्री पाहून रोगी घाबरेल म्हणून रुग्णाभ्यंगासाठीं बोलावणें येतें तें वाचा गेल्यावर! तोंवर क्षमा मागण्याची, निरवानिरव करण्याची, लेकरांस आशीर्वाद देण्याची वेळ निघून गेलेली असते. प्रिय वाचकहो, मौनानें मरण टळत नाहीं. निरोप मात्र राहून जातो. म्हणून रोग्याच्या उशाशीं बसावें, त्यास विचारावें, आणि तो बोलूं लागला म्हणजे ऐकावें.