गोधडी, लोकर आणि खानदेशचा हिवाळा

या मालिकेत आपण राजे, लढाया, तह यांच्याबद्दल पुष्कळ बोलत असतो. आजचा विषय घरातला आहे. थंडीच्या दिवसांत घरी बसून स्वतःच्या हातांनी उबेची वस्तू करायची, गोधडी शिवायची, स्वेटर विणायचा. हल्ली हा छंद पुन्हा लोकांना आवडायला लागलाय. सुया, लोकरीचे गुंडे, कापडाचे रंगीत तुकडे, शेजारी चहाचा कप. छान वाटतं, आणि वाटायलाच हवं.

पण इतिहास म्हणून बघायला गेलं की एक साधा प्रश्न समोर येतो. हिवाळ्यात घरी बसायला वेळ कोणाकडे होता? हा प्रश्न आपण नंदुरबार जिल्ह्याला विचारणार आहोत. कारण या जिल्ह्यात थंडीही खरी आहे, कापूसही आहे आणि गोधडीही आहे. तिघांचं एकमेकांशी नातं काय, एवढंच आज बघायचंय.

आधी थंडी. नंदुरबार हा तसा तरुण जिल्हा, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा पश्चिम खानदेश. खाली तापीचं मैदान, वर सातपुडा. उन्हाळ्यात मैदान भाजून निघतं, म्हणून बाहेरच्यांना वाटतं की इथे थंडी ती काय असणार! पण डिसेंबर-जानेवारीत मैदानातसुद्धा पारा दहाच्या खाली उतरतो. वर तोरणमाळला, किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला, कडाक्याच्या वर्षी पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. मराठी वर्तमानपत्रांत त्याचे फोटो दर दोन-चार वर्षांनी येतात. म्हणजे पांघरुणाची गरज इथे हौसेची नाही.

आता कापूस. खानदेशात दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते आणि थंडीभर चालते. बोंडं एकदम फुटत नाहीत, त्यामुळे त्याच शेतात पुन्हा पुन्हा जावं लागतं. आणि वेचणी हे मुख्यतः बायकांचं काम. नंदुरबारची दुसरी ओळख मिरचीची. हिवाळ्यात शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लाल होतात, तिथेही वाळवायला, निवडायला, देठं खुडायला बायकाच. म्हणजे वर्षातला सगळ्यात थंड काळ हाच बाईच्या हातांना सगळ्यात कमी फुरसत असलेला काळ.

म्हणून गोधडी पांघरली जाते हिवाळ्यात, पण शिवली जाते उन्हाळ्यात. रब्बी घरात आली, शेत रिकामं झालं, अंगणात किंवा ओट्यावर सावली धरून बसता येतं, तेव्हा. पाऊस सुरू व्हायच्या आत गोधडी पुरी व्हायला हवी, कारण मग पुन्हा शेत बोलावतं. पुढे नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या, कडक उन्हात वाळवायच्या, आणि थंडीसाठी तयार ठेवायच्या. शेतकरी घरातलं हे वेळापत्रक आहे, आणि ते पिकांच्या वेळापत्रकाभोवती बसवलेलं आहे.

शिवण्याची रीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. खाली एक धडकं लुगडं किंवा धोतर अंथरायचं. त्यावर जुन्या कपड्यांचे थर लावायचे, सुरकुती राहू द्यायची नाही. वरून पुन्हा एक बऱ्यापैकी कापड. कडा आत दुमडायच्या आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालत काठाकडून आत, आत, मधोमध यायचं. चार बाजूंना चार जणी बसल्या तर काम लवकर उरकतं आणि गप्पाही होतात. टाका कोणाचा, हे बघणाऱ्याला नंतरही ओळखू येतं. एकीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दुसरीचा बोटाच्या पेरभर. सासूबाईंनी बोट दाखवलं तर उसवून परत घालायचा. यात कष्ट होतेच, पण आनंदही होता. वर्षभरात चार बायकांनी शेजारी बसून, कोणी हाक न मारता, रंगांबद्दल मत देण्याचे प्रसंग किती येत असतील?

आता जरा लांब जाऊ या, थेट अमेरिकेत. १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध झालं. दक्षिणेतल्या बंदरांची कोंडी झाली आणि गुलामांच्या श्रमावर पिकणारा अमेरिकन कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग इंग्रजांची नजर हिंदुस्थानकडे, आणि त्यातही वऱ्हाड-खानदेशकडे वळली. भाव चढले, कापसाखालची जमीन वाढली, आणि त्याच दशकात रेल्वे चाळीसगाव-भुसावळपर्यंत आली. युद्ध संपलं तसे भाव कोसळले, पण कापूस राहिला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबारवरून, अमळनेर-भुसावळकडे जाणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग झाला. १९०६ मध्ये अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली.

या सगळ्याचा गोधडीशी काय संबंध? संबंध असा, की जी बाई थंडीत कापूस वेचत होती, तिच्या अंथरुणात तो कापूस क्वचितच जात होता. कापूस गाठीत बांधून जायचा. मुंबई, सुरत, अमळनेर, कधी मँचेस्टर. तो परत यायचा तो लुगडं होऊन, दुकानातून, पैसे मोजून, बऱ्याचदा उधारीवर. ते लुगडं सणाला नेसायचं, मग रोज नेसायचं, मग विटलं की घरात नेसायचं, फाटलं की त्याचं बाळाचं दुपटं व्हायचं, आणि सगळ्यात शेवटी ते गोधडीत जायचं. वेचलेला कापूस अनेक वर्षांनी, अनेकांना नफा देऊन, वेचणारीच्या अंगावर पांघरूण म्हणून पोचायचा. कापसाच्या प्रवासातलं हे शेवटचं स्टेशन. व्यापाराच्या इतिहासात गाठी मोजल्या जातात, भाव नोंदवले जातात, पण हे शेवटचं स्टेशन नकाशावर येत नाही.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. गोधडी म्हणजे गरिबी, असं आपण सर्रास म्हणतो. पण हिशेब करून बघा. एका बऱ्यापैकी गोधडीला आठ-दहा जुनी कापडं लागतात. म्हणजे ज्या घरात नेसत्या कपड्यांशिवाय कापड साठलंय, त्याच घरात गोधडी होते. ज्यांच्याकडे अंगावरचं तेवढंच, त्यांच्याकडे गोधडी कुठून येणार? जिल्ह्यातली जवळपास सत्तर टक्के वस्ती भिल्ल, पावरा, कोकणा, मावची अशा आदिवासी समाजांची. डोंगरातल्या घरांत थंडीला उत्तर होतं ते मुख्यतः विस्तवाचं. लाकूड जंगलाचं होतं, कापड बाजाराचं. इंग्रजी अमदानीत जंगल सरकारी झालं, लाकडावर बंधनं आली, आणि कापड मात्र विकतच राहिलं. तेव्हा गोधडी ही घरात जमलेल्या कापडाची, म्हणजे थोड्याफार स्थैर्याची खूण आहे. मुलीच्या सासरी गोधड्या देण्यात अभिमान असायचा तो याचमुळे.

आता लोकर. विणकामाच्या दोन सुया आपल्याकडे वेगळ्या वाटेने आल्या. एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांनी आणि नंतर आपल्याच सुधारकांनी काढलेल्या मुलींच्या शाळांनी शिवण-विणकाम हा विषय रुजवला. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं, तिथेही बायकांनी हाताची कला शिकून पायावर उभं राहावं हा विचार होता. पुढे शिक्षक, तलाठी, रेल्वे, पोस्ट अशा नोकरदार घरांतून हे विणकाम तालुक्याच्या गावांपर्यंत गेलं. दुपारी जेवणं आटोपली की ओसरीवर उन्हाला पाठ देऊन उलट-सुलट टाके घालत बसायचं. हे खरं हिवाळ्यातलं घरकाम. पण ते ज्या घरातली बाई वेचणीला जात नव्हती, त्या घरातलं. हे कोणाला कमी लेखायला म्हणत नाही. त्या विणकामालाही मोठे प्रसंग लाभले. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळलं, तेव्हा देशभर बायकांनी घराघरात स्वेटर, मोजे, मफलर विणून पाठवले. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले होते, त्यामुळे महाराष्ट्राला तो हिवाळा विशेष जवळचा वाटला. नंतर लुधियानाचे तयार स्वेटर आले, थंडीत तिबेटी विक्रेत्यांच्या रांगा लागू लागल्या, आणि घरातल्या सुया कपाटात गेल्या.

स्वेटर विरला तरी त्याचा फोटो असतो. गोधडीचं तसं नाही. जुनी गोधडी फाटली की ती फेकत नाहीत, नव्या गोधडीच्या आत थर म्हणून घालतात. म्हणजे सगळ्यात जुनं कापड सगळ्यात आत, कोणालाही न दिसणारं. पणजीचं लुगडं बघायचं तर गोधडी उसवावी लागेल, आणि उसवली की गोधडीच उरत नाही. अभ्यासकांना जुनी गोधडी सापडत नाही याचं मोठं कारण हेच. वस्तू वाया गेली नाही म्हणून पुरावा उरला नाही.

बंगालमध्ये वेगळं घडलं. तिथली कांथाही जुन्या कापडाचीच, पण तिच्यावर माणसं, हत्ती, कमळं भरलेली. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगावहून कांथा जमवल्या, स्टेला क्रामरिश या विदुषीने जमवलेल्या कांथा फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात पोचल्या. आपली गोधडी सरळ धावदोऱ्याची, तिच्यावर चित्रं नाहीत. त्यामुळे संग्राहकाची नजर तिच्यावरून घसरली.

आणि मघाची अमेरिका आठवा. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायकांनी शेतात घालून विरलेल्या कपड्यांच्या, जुन्या जीन्सच्या गोधड्या शिवल्या, थंडीसाठी. २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि समीक्षक थक्क झाले. ज्या युद्धाने त्यांच्या पूर्वजांना गुलामीतून सोडवलं, त्याच युद्धाने आपल्या खानदेशात कापसाचे भाव चढवले होते. दोन्हीकडे कापूस वेचणारे हात आणि दोन्हीकडे चिंध्यांची ऊब. भिंत मात्र एकीलाच मिळाली.

आज काय चाललंय? गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सुती लुगडी-पातळं गेली, सुरतेच्या सिंथेटिक साड्या आल्या. नंदुरबारला तर सुरत हाकेच्या अंतरावर. या साड्यांची गोधडी होते, रंगही झकास दिसतात, पण कापड निसटतं, घाम टिपत नाही, विस्तवाजवळ नेणं धोक्याचं. शिवाय बाजारात स्वस्त ब्लँकेट आहेत. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं, पण आज ते गाव ब्लँकेटसाठी ओळखलं जातं. परदेशातून आलेले टाकाऊ लोकरी कपडे पिंजून तिथे सूत काढतात आणि त्याची ब्लँकेट बनवतात. म्हणजे तीही गोधडीच की, कारखान्यातली! फक्त ते कपडे कोणी घातले होते, हे पांघरणाऱ्याला माहीत नसतं.

आणि थंडीत घरीच नसलेले लोक विसरू नका. नंदुरबार-धुळ्याकडची हजारो आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, बारडोलीकडे जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी त्यांच्याबद्दल अनेक वर्षं लिहिलंय. उघड्यावर खोपट घालून थंडी काढायची. भांडी, पीठ, पोरं आणि अंथरूण-पांघरूण, एवढाच संसार गाडीत चढतो. घरबसल्या हिवाळा हा त्यांच्यासाठी अजूनही यायचाच आहे.

मग आपण काय करायचं? छंद जरूर करा. सुया बाहेर काढा, गोधडी शिवा, शेजारणीला बोलवा. फक्त दोन गोष्टी सोबत करा. घरात जुनी गोधडी असेल तर ती टाकण्याआधी घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या बाईजवळ बसा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कोणाचं, कधीचं, कुठून घेतलं होतं. लिहून ठेवा, फोटो काढा. ती हयात असेपर्यंतच हा दस्तऐवज वाचता येतो, नंतर ते नुसतं कापड. आणि कोणा बाईकडून गोधडी शिवून घेत असाल तर महिनाभराच्या टाक्यांची मजुरी धरून पैसे द्या. "घरबसल्या तर केलंय" म्हणून भाव पाडू नका. वेचणीच्या दिवसांत तिला घरी बसता आलं नव्हतं, हे आता आपल्याला माहीत आहे.

तुमच्याकडे गोधडीला काय म्हणतात, वाकळ, लेप की आणखी काही, आणि ती कोणत्या महिन्यात शिवत, हे आम्हाला जरूर कळवा.