नाताळ म्हणजे फक्त येशूचा वाढदिवस नाही! गव्हाणीतल्या बाळात ख्रिस्ती लोकांना देवाचं प्रेम का दिसतं?

डिसेंबर लागला की इन्स्टावर लाल टोप्या, स्टेटसला ख्रिसमस ट्री आणि ऑफिसात सीक्रेट सांताच्या चिठ्ठ्या सुरू होतात. गंमत म्हणजे यातलं काहीही बायबलमधल्या येशूच्या जन्मकथेत नाही. सांता नाही, झाड नाही, केक तर नाहीच. २५ डिसेंबर ही तारीखसुद्धा नाही. या तारखेची रोममधली सगळ्यात जुनी नोंद चौथ्या शतकातली आहे.

मग त्या कथेत आहे तरी काय? आणि नाताळच्या रात्री चर्चमध्ये ‘देवाचं प्रेम’ हे शब्द इतक्यांदा का ऐकू येतात?

बातमी पहिल्यांदा मेंढपाळांना

येशूचं आयुष्य सांगणारी चार शुभवर्तमानं बायबलमध्ये आहेत. त्यातली जन्माची गोष्ट फक्त मत्तय आणि लूक सांगतात. मार्क थेट मोठ्या झालेल्या येशूपासून सुरुवात करतो.

लूकच्या गोष्टीत रोमन सम्राट औगुस्त नावनोंदणीचा हुकूम काढतो. त्यासाठी योसेफ आणि गरोदर मरिया नासरेथहून बेथलेहेमला येतात. तिथे उतरायला जागा मिळत नाही. बाळ जन्मतं तेव्हा त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं जातं. देखाव्यांमध्ये शेजारी उभे असतात ते गाय आणि गाढव लूकने लिहिलेले नाहीत, ते नंतरच्या परंपरेने आणले.

गव्हाण म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. जनावरांना वैरण टाकतात ती जागा. आणि जन्माची पहिली बातमी राजवाड्यात जात नाही, मंदिरातल्या पुजाऱ्यांकडेही जात नाही. ती जाते रात्री रानात मेंढरं राखत बसलेल्या लोकांकडे. ख्रिस्ती धर्मात देवाच्या प्रेमाचा विचार सुरू होतो तो इथून: ज्यांनी काही कमावलेलं नाही, काही मागितलेलंही नाही, त्यांच्याकडे देव आधी आला.

देवाने कुणाला पाठवलं नाही, तो स्वतः आला

आता मुख्य मुद्दा. येशू हा मोठा संत किंवा देवाचा दूत होता एवढंच ख्रिस्ती धर्म म्हणत नाही. देव स्वतः माणूस झाला, असं तो म्हणतो. याला ‘देहधारण’ म्हणतात.

यावरून चर्चमध्ये जबरदस्त वाद झाला होता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता की येशू सगळ्यात श्रेष्ठ असला तरी तो देवाने निर्माण केलेला आहे. इ.स. ३२५ मध्ये नायसिया इथे (आजच्या तुर्कस्तानात) बिशपांची परिषद भरली आणि तिने हे मत फेटाळलं. अथनेशियससारख्या धर्मपंडितांनी पुढे अनेक दशकं हीच बाजू लढवली.

वरवर हा शब्दांचा कीस वाटेल. पण प्रेमाचा प्रश्न इथेच अडकलेला आहे. कुणी संकटात असेल तर त्याच्याकडे माणूस पाठवणं वेगळं आणि सगळं सोडून स्वतः जाणं वेगळं. येशू फक्त दूत असेल तर देव लांबच राहिला. तो देवच असेल तर देव भुकेला झाला, रडला, त्याला आईने दूध पाजलं आणि पुढे त्याने मरणही सोसलं. पौल फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो की ख्रिस्ताने स्वतःला रिकामं केलं. नाताळ म्हणजे त्या रिकामं होण्याची सुरुवात.

मराठी माणसाला इथे ‘अवतार’ हा शब्द आठवणं साहजिक आहे. पण दोन्हींत फरक आहे. अवतार अनेक असू शकतात. देहधारण इतिहासात एकदाच घडलं असं ख्रिस्ती लोक मानतात. शिवाय येशूने घेतलेलं माणूसपण तात्पुरतं नाही. मरणानंतर तो पुन्हा उठला आणि स्वर्गात गेला, तरीही तो माणूसच राहिला, अशी श्रद्धा आहे.

प्रेम नव्हे, ‘प्रीती’

नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात देवाच्या प्रेमासाठी मुख्यतः ‘अगापे’ हा शब्द येतो. आकर्षणातून येणाऱ्या प्रेमाला ग्रीकमध्ये ‘एरोस’ म्हणतात, आणि हा शब्द नव्या करारात एकदाही नाही. मराठी बायबलने ‘अगापे’साठी ‘प्रीती’ हा शब्द निवडला. म्हणूनच मराठी चर्चमधल्या प्रार्थनेत ‘प्रीती’ सारखी ऐकू येते.

या प्रीतीचं वैशिष्ट्य म्हणजे ती समोरच्याची लायकी बघत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात क्रम स्पष्ट आहे: सुरुवात माणसाकडून नाही, देवाकडून होते. व्रत केलं, चांगलं वागलं म्हणून बक्षीस मिळालं, असं हे गणित नाही. खरं तर चांगल्या मुलांनाच गिफ्ट देणारा सांता याच्या बरोबर उलटा आहे.

गोष्ट गोड नाही

ग्रीटिंग कार्डवर न येणारा भाग मत्तय सांगतो. नव्या राजाच्या जन्माने घाबरलेला हेरोद बेथलेहेम परिसरातली दोन वर्षांपर्यंतची मुलगे मारायला सांगतो आणि मरिया-योसेफ बाळाला घेऊन इजिप्तला पळतात. देव माणूस झाला तो असा, जीव वाचवत परक्या देशात गेलेल्या कुटुंबातलं लेकरू म्हणून. त्या मारल्या गेलेल्या मुलांची आठवण कॅथलिक चर्च २८ डिसेंबरला, म्हणजे नाताळनंतर तिसऱ्याच दिवशी करतं.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधली जन्माची चित्रं नीट बघा. बाळाची कापडं प्रेताला गुंडाळल्यासारखी आणि गव्हाण दगडी शवपेटीसारखी काढलेली दिसते. जन्मातच क्रूस दिसावा म्हणून हे मुद्दाम केलेलं असतं.

देखावा आला कुठून?

१२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिस असिसीकर यांनी नाताळच्या रात्री खरी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणून जन्माचा प्रसंग उभा केला. देव किती गरिबीत आला हे लोकांना डोळ्यांनी बघता यावं, हा त्यांचा हेतू. देखावे त्याआधीही होते, पण घराघरातल्या प्रथेची सुरुवात लोक याच रात्रीपासून धरतात. गोव्यात नाताळला घरोघरी आणि चर्चबाहेर जो ‘गोठो’ मांडतात तो याच परंपरेतला.

गोव्याचा आणि मराठीचा आणखी एक धागा आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी हीच सगळी कथा मराठीत, तीही ओवी छंदात लिहिली. १६१६ साली छापलेलं त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ जवळपास ११ हजार ओव्यांचं आहे.

आणि ज्या जागी हा जन्म झाला असं मानतात तिथे, बेथलेहेमच्या चर्च ऑफ द नेटिव्हिटीत जायचं तर दार अवघं चारेक फूट उंच आहे. घोडे आणि गाड्या आत घुसू नयेत म्हणून ते लहान केलं, असं सांगतात. मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागतं. आत, वेदीच्या खालच्या गुहेत, जन्माची जागा म्हणून जमिनीवर १४ टोकांची एक चांदीची चांदणी बसवलेली आहे.