खान्देशाला मत विचारताना



आजचा विषय जनमत चाचण्यांचा आहे म्हटल्यावर आयोजकांपैकी एकाने मला विचारलं, "सर, तुम्ही इतिहासाचे. एक्झिट पोलशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. पण असं बघा, शंभर वर्षांनी कोणी आपल्या काळाचा इतिहास लिहायला बसला, तर कोण जिंकलं आणि किती मतांनी जिंकलं हे त्याला सहज सापडेल. मत देताना माणसाच्या मनात काय होतं, हे मात्र त्या आकड्यांत सापडणार नाही. ते तेव्हाच कोणी विचारून ठेवलं असेल तरच मिळेल. इतिहासकाराच्या दृष्टीने जनमत चाचणीची किंमत इथे आहे. "कोण येणार?" हा तिच्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि आपण नेमका तेवढाच विचारतो.

सुरुवात १९३६ पासून करू. त्या वर्षी अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी कार्डं टपालाने पाठवली. तेवीस-चोवीस लाख भरून परत आली. त्यांवरून त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. कार्डं कुणाला पाठवली होती? टेलिफोन असलेल्यांना, मोटार असलेल्यांना. मंदीच्या दिवसांत टेलिफोन आणि मोटार कुणाकडे असणार? जॉर्ज गॅलप यांनी त्यापेक्षा कितीतरी कमी माणसांना विचारलं होतं, पण सगळ्या थरांतल्या. त्यांचा अंदाज बरोबर आला. किती जणांना विचारलं यापेक्षा कुणाकुणाला विचारलं हे महत्त्वाचं, हा धडा जगाने तिथून घेतला.

हे नोव्हेंबरात झालं. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी ही मंडळी राबत होती. केवढी माणसं आली! आणि त्या काळी लोकमत मोजायचं साधन हेच, गर्दी. आजही हेच आहे म्हणा. सभेला किती ट्रॅक्टर आले, खुर्च्या भरल्या का, हे आपण अजून मोजतो. पण फैजपूरच्या त्या गर्दीतल्या बहुतेकांना मतच नव्हतं. काही आठवड्यांनी, १९३७ च्या सुरुवातीला प्रांतिक निवडणुका झाल्या, त्यांत मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण यांवर होता. ब्रिटिश हिंदुस्थानभर सुमारे तीन कोटी मतदार. म्हणजे गर्दी खरी, उत्साह खरा, पण मतदार वेगळा. लिटररी डायजेस्टने श्रीमंतांना जास्त मोजलं, आणि फैजपूरला जे डोळ्यांत भरले त्यांना मतपत्रिकाच मिळणार नव्हती.

आता १९५७. माझ्या मते खान्देशाच्या निवडणुकांच्या इतिहासातलं हे सगळ्यात रंजक वर्ष. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं. तेव्हा आपले जिल्हे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश होते, जळगाव-धुळे ही नावं १९६० नंतरची. पश्चिम खान्देशातून लोकसभेवर निवडून आले उत्तमराव पाटील, जनसंघाचे. त्या निवडणुकीत जनसंघाचे देशभरातून चार खासदार आले. त्यांत बलरामपूरचे वाजपेयी होते आणि आपले उत्तमराव होते. पूर्व खान्देशातून आले नौशेर भरुचा. पारशी, मुंबईचे वकील. पश्चिम खान्देशाच्या राखीव जागेवरून लक्ष्मण वेडू वळवी, प्रजा समाजवादी पक्षाचे. एक जनसंघी, एक अपक्ष, एक समाजवादी, आणि तिघांच्या मागे समिती!

आजचा एखादा चॅनेलवरचा तज्ज्ञ तेव्हा असता तर त्याने काय सांगितलं असतं? "भरुचांचं इथे जातीचं गणित बसत नाही." पहिल्या पाच मिनिटांत बाद केलं असतं. आणि इथल्या मतदाराने त्यांना दिल्लीला पाठवलं.

पण मला खरं अडतं ते पुढे. १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १९६२ च्या विधानसभेत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. मग १९५७ चं मत नेमकं कशाला होतं? राज्याच्या मागणीला? काँग्रेसवरच्या रागाला? उत्तमरावांना म्हणून? की या सगळ्याला थोडं थोडं, आणि कुणाचं किती? आपण अंदाज करतो की मागणीला होतं, मागणी पुरी झाली, लोक परतले. अंदाज बरा आहे, पण अंदाजच. त्या मतदारांना कोणी विचारलं नाही. एरिक डा कोस्टा यांनी गॅलपच्या धर्तीवर दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन तेव्हा सुरू केली होती, पण शिरपूरच्या किंवा एदलाबादच्या माणसाला "का?" असं विचारायला कुणी गेलं असेल अशी आशा नको. ते उत्तर त्या पिढीबरोबर गेलं.

"का" विचारायला खऱ्या अर्थाने सुरुवात केली रजनी कोठारींच्या सीएसडीएसने. संस्था १९६३ ची, आणि १९६७ पासून तिने निवडणुकांचे देशव्यापी अभ्यास केले. मध्ये मोठा खंड पडला, १९९६ पासून पुन्हा नेमाने. त्यांचा एक प्रश्न मला फार आवडतो: तुमच्या मताने देशाच्या कारभारात काही फरक पडतो असं वाटतं का? १९७१ मध्ये "हो" म्हणणारे निम्म्याच्या आसपास होते, १९९६ मध्ये सुमारे ५९ टक्के. त्याच अभ्यासांतून दिसलं की आपल्याकडे गरीब, दलित आणि खेड्यातला माणूस हा सुखवस्तू शहरी माणसापेक्षा मतदानाला मागे नाही, बऱ्याचदा पुढे आहे. पाश्चात्त्य देशांत बहुधा उलटं असतं. हे निकालाच्या तक्त्यात कधी दिसलं असतं का?

पण विचारणं सोपं नाही, आणि यातलं थोडं मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. १९९९ साली विद्यार्थी असताना एका मतदानोत्तर पाहणीत मी प्रश्न विचारायला जायचो, शिंदखेडा तालुक्यात. यादीतून नाव काढलेलं असतं, त्याच माणसाला गाठायचं, शेजाऱ्याला नाही. प्रश्नावली प्रमाण मराठीत. आता समोरचं घर अहिराणी बोलणारं. मी वाचायचो, "आपल्या मते सरकारच्या कामगिरीबद्दल आपण कितपत समाधानी आहात?" आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघत राहायचा. मत त्याला होतं. माझा प्रश्न त्याच्या घरातला नव्हता. एकाला विचारलं, पुढच्या वेळी कुणाला देणार? तो म्हणाला, "देखसूत ना भो." मी "अनिश्चित" या चौकटीत खूण केली. आज वाटतं, ती खूण चुकली. खान्देशात "बघू" म्हणजे ठरलंय, पण तुला सांगणार नाही, असंही असतं.

एका घरी यादीत बाईंचं नाव होतं. नवरा शेजारी बसलेला. प्रत्येक प्रश्नाला बाई म्हणायच्या, "माले काई समजत नही भाऊ." मी पंधरा-वीस वेळा तेच लिहिलं. मग गोठ्याकडून हाक आली, नवरा उठून गेला. बाईंनी माझ्या पिशवीकडे बघितलं. त्यात नमुन्याची मतपत्रिका आणि बंद पेटी असायची, कुणाला दिलं ते तोंडाने सांगावं लागू नये म्हणून. म्हणाल्या, "आते दे ती चिठ्ठी." मला पाठ फिरवायला लावली, शिक्का मारला, घडी घातली, टाकली. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानंतर "सांगता येत नाही" हा रकाना मला कधीच रिकामा वाटला नाही.

आता २०२४ कडे येतो, कारण धुळ्याची ती निवडणूक म्हणजे चाचणीशास्त्राचं पाठ्यपुस्तक आहे.

धुळे लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात. धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा हे तीन धुळे जिल्ह्यातले, तर मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन नाशिक जिल्ह्यातले. साक्री आणि शिरपूर नंदुरबारला जोडलेले. निकाल: काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव ५,८३,८६६, भाजपचे डॉ. सुभाष भामरे ५,८०,०३५. फरक ३,८३१.

हा फरक एकूण मतांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हजार माणसांच्या चाचणीत साधारण तीन टक्के इकडेतिकडे होणं हे गणितातच धरलेलं असतं. इतका बारीक फरक खात्रीने पकडायचा तर तीन लाखांहून जास्त लोकांना विचारावं लागेल. त्यापेक्षा निवडणूकच घ्यावी! तेव्हा १ जूनच्या संध्याकाळी धुळ्याची जागा याची की त्याची हे जो कोणी ठामपणे सांगत होता, तो चाचणी सांगत नव्हता. देशभराचंही तेच झालं. बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं, आले २९३.

पण मला या निकालातलं दुसरं काही दाखवायचंय. सहापैकी पाच मतदारसंघांत भामरे पुढे होते. मालेगाव मध्य, म्हणजे यंत्रमागाचं मुस्लिमबहुल शहर, तिथे बच्छाव यांना जवळपास दोन लाख मतं पडली आणि भामऱ्यांना पाच हजारही नाहीत. यावरून लगेच गोष्ट तयार झाली की पाच मतदारसंघांचं मत एका शहराने फिरवलं. पुढे विधानसभेच्या प्रचारात "व्होट जिहाद" हा शब्द आला तेव्हा दाखला धुळ्याचाच दिला गेला.

जरा वजाबाकी करू. बच्छाव यांची मतं ५ लाख ८४ हजार. त्यातून मालेगाव मध्यची दोन लाख काढा. उरली ३ लाख ८४ हजार. ही कुठली? त्याच पाच मतदारसंघांतली. म्हणजे त्यांच्या दर तीन मतांतली जवळपास दोन मतं तिथून आली, जिथे त्या "हरल्या". त्या पाच ठिकाणी दोघांच्या मतांचं प्रमाण साधारण साठ-चाळीस पडतं. पाचातली दोन माणसं! ती या गोष्टीत कुठेच नाहीत. डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती उठली मे महिन्यात. बागलाणातला कांदेवाला, शिंदखेड्याचा कापूसवाला, यांच्यातल्या कुणी कशासाठी मत दिलं, हे त्या पाचांतल्या दोघांना विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि तितकंच महत्त्वाचं, उरलेल्या तिघांनी का दिलं, तेही.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. कॅनडात आपल्यासारखीच पद्धत आहे, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो. ॲलन केर्न्स या अभ्यासकाने १९६८ मध्येच लिहिलं की या पद्धतीमुळे प्रांताप्रांतांतले भेद आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात. अल्बर्टाचं बघा. २०१९ मध्ये तिथल्या ३४ पैकी ३३ जागा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला गेल्या, मतं मात्र सुमारे ६९ टक्के. म्हणजे जवळपास तीनांतला एक अल्बर्टावाला नकाशातून गायब. नकाशावर न दिसणारी अशी माणसं पाहण्यांतच सापडतात.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत जळगाव जिल्ह्यातल्या ११ पैकी ११ जागा महायुतीला, धुळे जिल्ह्यातल्या ५ पैकी ५. नकाशा एकरंगी. राज्यभरात महायुतीची मतं जवळपास निम्मी होती आणि आघाडीची एक तृतीयांशाहून थोडी जास्त, जागा मात्र २८८ पैकी २३०. बहुतेक चाचण्यांनी महायुती पुढे आहे हे सांगितलं होतं, पण २३० ची कल्पना फार थोड्यांना होती. मतांचा कल सांगणं एक, आणि त्याच्या जागा करणं दुसरं. दुसऱ्या कामात भले भले घसरतात.

एक काम तुम्हाला घरी बसून करता येईल. मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता, फॉर्म २० म्हणतात त्याला, निवडणूक कार्यालय प्रसिद्ध करतं. आपल्या गावाचं केंद्र काढा. ज्याला गावात "एकही मत नाही" असं पारावर सगळे सांगतात, त्याच्यापुढचा आकडा बघा. मी माझ्या गावाचा बघितला होता, आणि नंतर महिनाभर पारावर बसलेल्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होतो.

वेळ झाली. तुमचे प्रश्न घेऊ. फक्त पुढच्या वेळी कोण येणार, हे विचारू नका.