वैद्यकीय जाहिरात व नवमाध्यमे (बीड जिल्हा)
रुग्णसेवेची प्रसिद्धी आणि तिच्यावरील कायदेशीर बंधने. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरला रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. दवाखाना सुरू केल्याची, पत्ता बदलल्याची वा रजेची सूचना मात्र वर्तमानपत्रात देता येते. समाजमाध्यमांसाठी 2023 मध्ये आलेले नियम त्याच महिन्यात स्थगित झाले.

बीडमध्ये हा विषय निव्वळ व्यावसायिक शिष्टाचाराचा नाही; तो गर्भलिंगनिदानाशीही जोडलेला आहे. जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 894 होत्या, 2011 मध्ये 807 उरल्या. राज्यात हे प्रमाण सर्वांत कमी होते. गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीवर 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कलम 22 ने बंदी आहे. दुरुस्तीनंतर त्यात इंटरनेटही आले. तरीही शोधयंत्रांवर अशा जाहिराती दिसत राहिल्या. सामाजिक कार्यकर्ते साबू मॅथ्यू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये गुगल, याहू व मायक्रोसॉफ्टला त्या रोखायला लावले. अर्थात, बेकायदा सोनोग्राफीचा धंदा मुख्यतः दलालांच्या तोंडी निरोपावर चालतो, आणि त्याला शोधयंत्रावरील बंदी लागू पडत नाही. तक्रारींसाठी राज्याने ‘आमची मुलगी’ हे संकेतस्थळ व मदतवाहिनी सुरू केली. कलम 22 च्या भंगास तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.