फुलोऱ्याचा मुहूर्त आणि अमिनो आम्लांची जनुके

पाने-फांद्या वाढवण्याचे थांबवून फुलावर येणे, हा वनस्पतीच्या आयुष्यातील निर्णायक टप्पा होय. घाई झाली तर पुरेसा अन्नसाठा नसताना दाणे भरावे लागतात. उशीर झाला तर पाऊस सरतो आणि दाणा पोचट राहतो. कोकण-गोव्यातील शेतकरी भाताच्या जाती हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा ओळखतात, त्या पीक तयार होण्यास लागणाऱ्या दिवसांवरूनच. हा मुहूर्त दिवसाच्या लांबीवर आणि तापमानावर ठरतो, हे पूर्वीपासून ज्ञात आहे. अमिनो आम्ले घडवणारी जनुकेही त्यात सहभागी असतात, ही बाब मात्र गेल्या पाव शतकात स्पष्ट होत गेली.

पानाकडून शेंड्याकडे जाणारा संदेश

दिवसाच्या लांबीचा फुलोऱ्यावर होणारा परिणाम गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडला. पानात तयार होऊन शेंड्याकडे जाणारा एक पदार्थ फुले आणतो, अशी कल्पना १९३० च्या दशकात मिखाईल चैलाख्यान यांनी मांडली व त्याला ‘फ्लोरिजेन’ हे नाव दिले. मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस ही छोटी वनस्पती अशा अभ्यासासाठी जगभर वापरली जाते. तिच्यात दिवस मोठा झाला की पानातील ‘कॉन्स्टन्स’ हे प्रथिन ‘एफटी’ नावाचे जनुक कार्यान्वित करते. एफटीपासून बनलेले प्रथिन शेंड्यापर्यंत पोहोचते, हे २००७ मध्ये दिसून आले. भातात हेच काम ‘एचडी३ए’ जनुकाचे प्रथिन करते; फरक इतकाच, की भात लहान दिवसांत लवकर निसवतो.

प्रोलीनचे दुहेरी काम

कॉन्स्टन्स प्रथिन कोणती जनुके तातडीने जागी करते, याचा शोध २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार जनुके आढळली. एफटी त्यांपैकी एक होते. दुसरे होते ‘पी५सीएस२’. ग्लुटामेटपासून प्रोलीन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या विकराची माहिती या जनुकात असते. फुलण्याचा आदेश देणारे प्रथिन त्याच वेळी प्रोलीनच्या निर्मितीलाही चालना देते, असा याचा अर्थ.

रोममधील संशोधकांनी हा धागा पुढे नेला. पी५सीएस२ चे जोडजनुक असलेल्या पी५सीएस१ ची क्रिया वाढवलेली झाडे लवकर फुलली. पी५सीएस१ पूर्णपणे बंद आणि पी५सीएस२ ची एक प्रत बंद असलेली झाडे उशिरा फुलली. प्रोलीनची गरज तेवढ्यावर संपत नाही. परागकणांत त्याचा मोठा साठा असतो. टोमॅटोच्या परागकणांतील मुक्त अमिनो आम्लांत सर्वाधिक वाटा प्रोलीनचाच असतो. प्रोलीन तयार करण्याची क्षमता नसलेले परागकण निकामी ठरतात.

मेथिओनिन आणि जनुकांवरील खुणा

दुसरा मार्ग मेथिओनिनचा. या अमिनो आम्लापासून पेशी ‘एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन’ हे संयुग बनवते. डीएनएवर आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर मिथाइल गटाच्या रासायनिक खुणा उमटवण्यासाठी हे संयुग लागते. कोणते जनुक उघडे राहील व कोणते मिटलेले, हे या खुणांवर बरेचसे अवलंबून असते. भातात हे संयुग बनवणाऱ्या जनुकांची क्रिया कमी केली असता पीक उशिरा निसवते, असे २०११ मध्ये आढळले. त्या रोपांत एचडी३ए आणि तिच्याशी संबंधित जनुकांवरील खुणा घटल्या होत्या आणि ती जनुके मंदावली होती.

शेतीसाठी अर्थ

प्रत्येक अमिनो आम्लात नत्र असते. युरियाची मात्रा जास्त झाली की पीक हिरवेगार राहते आणि फुलोरा लांबतो, हा शेतातील अनुभव आहे. त्याचे कारण केवळ अमिनो आम्लांत शोधता येत नाही, कारण जमिनीतून शोषलेले नायट्रेट स्वतःही संदेशवाहकाचे काम करते. फुलोरा दिवसाच्या लांबीइतकाच पोषणाशीही बांधलेला आहे, एवढे मात्र यावरून निश्चित होते.

अमिनो आम्लयुक्त फवारण्या बाजारात सर्रास विकल्या जातात. अशा जैव-उत्तेजकांना भारत सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले. वर उल्लेखिलेले निष्कर्ष मात्र जनुकांत बदल केलेल्या रोपांवरील आहेत. बाहेरून फवारलेले अमिनो आम्ल पिकाला हमखास लवकर फुलवते, असे त्यांतून सिद्ध होत नाही.

वाण विकसित करणाऱ्यांनाही येथे जपून पाऊल टाकावे लागते. दुष्काळात व खारट जमिनीत अनेक वनस्पती प्रोलीन साठवतात. म्हणून खारफुटीलगतच्या खाजन शेतीसारख्या क्षेत्रांसाठी वाण घडवताना ही जनुके महत्त्वाची ठरू शकतात. परंतु ताण सोसण्यासाठी त्यांत केलेला बदल फुलोऱ्याची वेळही सरकवू शकतो. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये पी५सीएस२ पूर्णपणे बंद केल्यास सामान्यतः बीजातील गर्भच वाढत नाही. त्यामुळे अशा वाणाची पारख करताना क्षारसहनशीलतेबरोबरच पीक निसवण्याचा दिवस, परागकणांची सक्षमता आणि दाण्यांचा भराव या तिन्हींची नोंद घेणे आवश्यक ठरते.