वायर न कापल्याने गाडी वाचत नाही

गाडीत अलार्म, डॅशकॅम, जादा हॉर्न किंवा गाडी लॉक झाल्यावर काचा आपोआप वर करणारं मॉड्यूल बसवायला गेलं की दुकानात पहिलं आश्वासन मिळतं ते ठरलेलं: ‘एकही वायर कापणार नाही, सगळं कप्लर-टू-कप्लर.’ गिऱ्हाईकही तेच विचारत आत शिरतं. वायर कापली की गाडी बिघडली आणि कप्लर जोडला की गाडी सुरक्षित, ही समजूत आता इतकी पक्की झाली आहे की तिच्यापुढे दुसरा प्रश्नच कोणी विचारत नाही. मला ही समजूत घातक वाटते. जोडणी कशी दिसते यावर धोका ठरत नाही. तिच्यातून किती प्रवाह जातो, तो कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जातो आणि जोडलेली वस्तू बंद पडली तर गाडीचं काय होतं, यावर ठरतो. यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर कप्लर देत नाही.

समोरच्या मताला त्याचा न्याय आधी द्यायला हवा, कारण ते उगाच रुजलेलं नाही. कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीच्या आणि नंतर मारुती ८०० च्या काळात वायरमन ब्लेडने वायर सोलत असे, तिच्याभोवती दुसरी वायर पिळत असे आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळत असे. पावसाळे गेले की पट्टीचा डिंक सुटायचा, तांब्यावर हिरवा गंज चढायचा आणि इंडिकेटर कधी लागायचा, कधी नाही. वायरीत पातं घुसवून जोडणाऱ्या प्लास्टिकच्या चिमट्यांनी तर आतल्या तारांपैकी काही तोडूनच टाकल्या. या सगळ्यापुढे नीट क्रिंप केलेला, रबरी सील असलेला कप्लर कैक पटींनी चांगला आहे. यात वाद नाही. पण त्याचा चांगुलपणा जोड घट्ट बसण्यापुरता आणि पाणी आत न जाण्यापुरता आहे. त्याच्या आधाराने बाकी सगळं निर्धोक ठरवलं जातं, तिथे हे मत घसरतं.

प्रवाहाचंच घ्या. अलार्मच्या डब्यातून बाहेरच्या उपकरणांसाठी ज्या बारीक वायरी येतात, त्यांच्या मागे बहुधा एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. तो वायरीला अर्थ (म्हणजे मायनस) देतो आणि साधारण २०० ते ५०० मिलिअँपिअर सोसतो. हा आकडा मनात ठेवून पाच पायांच्या साध्या रिलेकडे पाहा. त्याच्या कॉइलचा रोध ८० ओहमच्या आसपास असतो, म्हणजे १२ व्होल्टला ती १५० मिलिअँपिअर घेते. ती वायर कशासाठी दिली आहे हे इथे उघड होतं: रिले ओढण्यासाठी, उपकरण चालवण्यासाठी नव्हे. एक हॉर्न चार-पाच अँपिअर खातो, जोडी आठ ते दहा. कप्लर मात्र रिले आणि हॉर्न दोन्हींना सारखाच बसतो, तितक्याच खात्रीने ‘टक्’ वाजतो. हॉर्न थेट त्या वायरीला जोडला की ट्रान्झिस्टर जळतो आणि जळताना कधी कधी आतून जुळूनच बसतो. मग मध्यरात्री हॉर्न थांबत नाही आणि बॅटरीची वायर काढल्याशिवाय सोसायटीला झोप मिळत नाही.

रिले मध्ये घातला तरी काम संपलं असं नाही. कॉइलचा प्रवाह तुटताना ती उलटा झटका मारते, तो सहज शंभर व्होल्टच्या वर जातो आणि त्याच नाजूक ट्रान्झिस्टरवर आदळतो. कॉइलच्या ८५ आणि ८६ या पायांवर एक साधा डायोड टाकला की तो झटका तिथेच विरतो. अनेक रिलेंमध्ये तो आतच बसवलेला असतो, अनेकांत नसतो, आणि कप्लरकडे पाहून ते कळत नाही.

फ्यूजबद्दलचा गैरसमज याहून मोठा आहे. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या किंवा जिथून प्रवाह घेतला त्या जागेच्या जवळ हवा, आणि त्याचा आकडा पुढच्या सर्वांत बारीक वायरीला शोभेल असा हवा. हेडलाइटच्या होल्डरमध्ये मधला कप्लर सरकवून तिथून उपकरणाला पुरवठा काढला, तर कंपनीचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज आता किटमधल्या अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीलाही राखतो असं गृहीत धरलं जातं. तो राखत नाही. ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर फ्यूज उडण्याआधी तीच तापते. एकही वायर न कापता आगीची वाट तयार झालेली असते. शिवाय प्रत्येक कप्लर हा एक नवा जोड आहे. स्वस्त पितळी पिनेत ०.०५ ओहमचा रोध आला आणि तिच्यातून नऊ अँपिअर गेले, तर त्या बोटाएवढ्या प्लास्टिकमध्ये चार वॉट उष्णता सतत कोंडली जाते. काळवंडलेले, वितळून चिकटलेले होल्डर याच हिशोबाने तयार होतात.

आता दिशा. बहुतेक गाड्यांत दार उघडलं की दाराचा स्विच आपल्या वायरीला अर्थ देतो. काही जुन्या गाड्यांत तो प्लस देतो. अलार्मला दोन्हींसाठी वेगवेगळ्या वायरी असतात. गोंधळ होतो तो त्याच दाराच्या वायरीवर पायाखालचा दिवा, अलार्म आणि काचांचं मॉड्यूल असे तिघे आणून बसवले की. दिव्यातून येणारा प्रवाह आडवाटेने दुसऱ्याच्या इनपुटमध्ये शिरतो. मग ड्रायव्हरचं दार उघडलं तरी डॅशबोर्ड चारही दारं उघडी दाखवतो. प्रत्येक फाट्यावर एक डायोड, त्याची पट्टी स्विचच्या बाजूला, एवढ्यानं हे मिटतं. वायर कापली नाही म्हणून मिटत नाही.

याच दाराच्या वायरीतला एक दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो दिसत नाही. अलीकडच्या गाड्यांत दार लावल्यावर छतातला दिवा लगेच विझत नाही, हळूहळू मंद होत जातो. अलार्मने दाराची खबर त्या दिव्याच्या वायरीवरून घेतली असेल, तर लॉक करताना त्याच्या लेखी दार अजून उघडंच असतं. काही अलार्म अशा वेळी एक वेगळा बीप देतात आणि ते दार पहाऱ्यातून वगळून टाकतात. मालक बीप ऐकतो, दिवे लुकलुकताना पाहतो आणि निश्चिंत घरी जातो. रात्रभर दाराला पहारा नसतो. जोडणी अगदी स्वच्छ, कप्लरची, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच काम होत नाही.

नव्या गाड्यांत तर वायरीत काय वाहतं तेच बदललं आहे. बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅन ही पद्धत जाहीर केली. पिळलेल्या दोन वायरी, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध, आणि त्यावरून सगळे कंट्रोलर एकमेकांना संदेश पाठवतात. अशा गाडीत दार उघडल्याची बातमी व्होल्टेज म्हणून सापडेलच असं नाही, ती संदेश म्हणून फिरत असते. कप्लर-पंथाचं सर्वांत लाडकं उपकरण म्हणजे डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खुपसायचं मॉड्यूल. काही सोलायचं नाही, काही जोडायचं नाही. पण ते थेट या संदेशांच्या वायरीवर बसतं. ते नीट बनवलेलं नसेल तर गाडी लॉक झाल्यावरही कंट्रोलरना झोपू देत नाही आणि बॅटरी हळूहळू रिकामी होते. वायरीला सर्वांत कमी हात लावणारी जोडणी इथे गाडीच्या आत सर्वांत खोलवर ढवळाढवळ करते.

बॅटरी उतरली की दोष अलार्मवर जातो, त्याबद्दलही थोडं. वीस मिलिअँपिअर खाणारा अलार्म दिवसाला अर्धा अँपिअर-तासही घेत नाही. पार्किंग मोडवर ठेवलेला डॅशकॅम ३०० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला ७.२ आणि तीन दिवसांत २१.६ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. सोमवारपासून लोकलने कामाला जाणाऱ्या आणि गाडी फक्त रविवारी बाहेर काढणाऱ्या माणसाला रविवारी धक्का मारावा लागतो, तो या गुणाकाराने.

आणि शेवटी इंजिन बंद करणारा रिले, ज्याला आपल्याकडे चोर स्विचच्या, म्हणजे गाडी सुरू होऊ न देणाऱ्या लपवलेल्या स्विचच्या, परंपरेतला मानतात. याची जोडणी दोन प्रकारे होते. एका प्रकारात स्टार्टरला चालू करणारी वायर कापून तिची दोन टोकं रिलेच्या ३० आणि ८७ए या पायांना दिली जातात. रिले शांत असताना वायर जुळलेली राहते आणि अलार्मने ओढलं तरच ती तुटते. अलार्म मेला तरी गाडी सुरू होते. दुसऱ्या प्रकारात पेट्रोल पंपाच्या पुरवठ्यात कप्लर सरकवून तो पुरवठा ३० आणि ८७ मधून नेतात. इथे गाडी चालत असताना सगळा वेळ रिले ओढलेला राहायला हवा. अलार्मचा एक जोड सैल झाला की कसारा घाटात ट्रकच्या मागे इंजिन बंद पडणार. मग ब्रेकचा मदतनीस व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो, पाय जड होतो आणि स्टिअरिंगही जड होऊ शकतं. पहिल्या प्रकारात वायर कापलेली आहे, दुसऱ्यात नाही. माझ्या घरच्या माणसांना मी पहिल्याच गाडीत बसवीन, आणि वायर कापू नका हा आग्रह इथे जीवावर बेतणारा आहे असंच म्हणेन. ती वायर मात्र नीट कापावी, क्रिंप करावी, त्यावर हीटश्रिंक नळी चढवावी. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातल्या वायरींना तर कप्लर असो वा कात्री, हात लावूच नये.

राहिली वॉरंटी. बाहेरच्या उपकरणामुळे झालेलं नुकसान वगळणारं कलम पुस्तिकेत असेल, तर ते उपकरणाबद्दल असतं. ते कापून जोडलं की खोचून जोडलं, यानं त्यात फारसा फरक पडत नाही. पुस्तिका उघडून ते कलम आधी वाचावं.

‘सामान्य माणसाला रिले आणि डायोड काय कळणार, त्याला कप्लर दिसतो म्हणून तो तेच विचारतो,’ असा आक्षेप येईल. पण त्यानं विचारायचं आहे ते सर्किट नव्हे. नवा फ्यूज कुठे बसवला आहे आणि तो किती अँपिअरचा आहे, हे दाखवून घ्यावं. कोणती वायर कुठे गेली याचं हाताने काढलेलं चित्र बिलाला जोडून घ्यावं. मग गाडी लॉक करून अर्धा तास थांबावं, म्हणजे कंट्रोलर झोपतात, आणि बॅटरीच्या मायनसवर मीटर लावून मिलिअँपिअर मोजून घ्यावेत. आकडा पन्नासच्या आत असेल तर गाडी घेऊन जावी. त्याहून जास्त असेल तर नवी उपकरणं एकेक करून काढावीत आणि कोणतं काढल्यावर आकडा खाली येतो ते पाहून, त्याची जोडणी त्याच दुकानात, पैसे देण्याआधी बदलून घ्यावी.