रोजानं आणि गुत्त्यानं

सिंदखेड राजा आपल्याच जिल्ह्यातलं. त्यामुळे जिजाऊ पडद्यावर आल्या की हिवरा आश्रमात आम्ही हातातलं काम सोडून बसतो. मृणाल कुलकर्णी यांनी जिजाऊ दोन्हीकडे केल्या. आधी २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत, मग ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’ आणि ‘पावनखिंड’ या सिनेमांत. बाई तीच, भूमिका तीच. मग मालिकेत आणि सिनेमात काम करण्यात फरक तो काय? गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला आणि बोलता बोलता आम्ही शंभर वर्षं मागं गेलो.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून तारामती झाले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’साठी मात्र दुर्गाबाई कामत पुढं आल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात मुलगी, पोट फिरत्या नाटक कंपनीवर. त्या पार्वती झाल्या आणि बारा-तेरा वर्षांची त्यांची कमला मोहिनी झाली. हीच पुढे कमलाबाई गोखले. ‘माहेरची साडी’ पाहून आपण पदर ओले केले, त्यातल्या वडिलांचं काम करणारे विक्रम गोखले हे यांचेच नातू. म्हणजे पडद्यावर आलेली पहिली बाई हौसेनं नव्हे, घर चालवायला आली होती.

मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पण मालिकांचं वेड लागलं ते ऐंशीच्या दशकात, आणि रोजच्या मालिका आल्या त्यानंतर. तिथून कलावंताच्या कामाचा रंगच बदलला.

निंदण रोजानं करणं आणि सोयाबीन गुत्त्यानं सोंगणं यातला फरक तुम्हाला सांगायला नको. सिनेमा गुत्त्यासारखा. पूर्ण गोष्ट आधी हातात येते, शेवट ठाऊक असतो, ठरलेले दिवस काम केलं की संपलं. मालिका रोजंदारीसारखी. दिवसाचा पैसा ठरतो, पाळी बारा तासांची, कधी त्याहून लांबते. आजचा प्रसंग कित्येकदा सेटवर गेल्यावरच हातात पडतो. तुमची व्यक्तिरेखा पुढच्या महिन्यात जिवंत असेल की नाही, हे तुम्हालाच माहीत नसतं. किती घरांनी मालिका पाहिली याचा आकडा दर आठवड्याला येतो आणि त्यावर गोष्ट वळते. केलेल्या कामाचे पैसेही बहुतेक वेळा नव्वद दिवसांनी हाती येतात. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, “मग किराणा उधारीवरच आणत असतील की!”

रोहिणी हट्टंगडी यांचंच पाहा. ‘गांधी’ सिनेमाचं चित्रीकरण सहा महिन्यांच्या आत आटोपलं. तेवढ्यात त्या तरुण कस्तुरबा झाल्या, म्हाताऱ्याही झाल्या, आणि त्या कामासाठी इंग्लंडचा बाफ्टा पुरस्कार त्यांना मिळाला. ‘चार दिवस सासूचे’ मात्र २००१ पासून अकरा वर्षं चालली, तीन हजारांहून जास्त भाग. नावात चार दिवस! पण गावोगावी बायांच्या ओळखीची झाली ती मालिकेतली आशा देशमुखच. तिला आपण घरातली मानलं. कस्तुरबांना हात जोडले, सासूशी मात्र भांडलोसुद्धा.

म्हणून सिनेमा सुखाचा आणि मालिका कष्टाची, असं सरसकट आम्ही म्हणणार नाही. येवल्याच्या ललिता पवार १९४२ मध्ये नायिकेची कामं करत होत्या. एका प्रसंगात बसलेली थोबाडीत इतकी जोराची होती की चेहऱ्याला लकवा आला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेच्या भूमिका गेल्या, खाष्ट सासूच्या मिळाल्या. १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेतली मंथरा त्याच. वय झालेल्या बाईला मालिकेत काम मिळतं, ही गोष्टही खरी आहे.

आणि त्या कामाची किंमत कोरोनात दिसली. २०२० मध्ये सरकारनं नियम केला, पासष्टच्या वरच्यांनी चित्रीकरणाला यायचं नाही. एका सत्तरीच्या कलावंतानं कोर्टात दाद मागितली, आम्ही खायचं काय? ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. आम्हाला तो निकाल आजही बरोबर वाटतो. भीती असली तरी काम बंद करून म्हाताऱ्या माणसाचं पोट भरत नाही.

पुढच्याच महिन्यात साताऱ्याकडे ‘आई माझी काळूबाई’चं चित्रीकरण चालू असताना आशालता वाबगावकर यांना कोरोना झाला. सेटवरचे आणखी वीसेक जण आजारी पडले. २२ सप्टेंबरला आशालताताई गेल्या. वय ७९. मूळच्या गोव्याच्या. ‘मत्स्यगंधा’ नाटकातल्या सत्यवतीनं त्यांचं नाव झालं, मग सिनेमे झाले आणि शेवटी मालिका. ‘मत्स्यगंधा’तली त्यांनी गायलेली पदं अजून रेडिओवर लागतात. पुढच्या वेळी कानावर आली तर आवाज जरा मोठा करा.